गुस्ल केव्हा फर्ज होते, आणि त्याला पाणी किती लागते?

उन्हाळा तापला की नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडातल्या गावांत पाणी हंड्याने मोजले जाते. मग घराघरांत एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो: अंघोळीपुरते पाणी नाही, नमाजचे काय?

आधी हे पाहू की गुस्ल फर्ज केव्हा होते. पती-पत्नीचा संबंध आला की दोघांवर, मग वीर्य बाहेर पडो वा न पडो. झोपेत किंवा जागेपणी वासनेने ते बाहेर पडले तरी. हैज आणि निफास थांबल्यावर. बस, एवढेच. उलटी झाली, जखमेतून रक्त आले, बाळाने कपडे ओले केले, तर गुस्ल नाही. जागा धुवावी आणि वुजू तुटला असेल तर वुजू करावा.

स्वप्नाचा नियम स्त्रियांनाही लागू आहे का, हे हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी थेट प्रेषितांना (स.) विचारले. उत्तर मिळाले, होय, ओल दिसली तर. दीन शिकताना अन्सारी स्त्रियांना लाज आडवी आली नाही, असे कौतुक हजरत आयशा (रजि.) यांनी केले आहे. आपल्याकडे मात्र वयात आलेल्या मुलीला हे कुणी सांगतच नाही.

सर्वात मोठी चूक बाळंतपणात होते. चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय बाळंतीण पाक होत नाही, असे आजीपासून नातीपर्यंत सांगितले जाते. हनफी मसलकात चाळीस ही शेवटची मर्यादा आहे, कमीत कमी दिवस ठरलेलेच नाहीत. बाविसाव्या दिवशी रक्त पूर्ण थांबले, तर त्याच दिवशी गुस्ल करून नमाज सुरू करावी. उरलेले अठरा दिवस नमाज सोडण्याची मुभा कुणालाही नाही, सासूबाईंनी सांगितले तरी!

आता पाणी. तोंडात चूळ, नाकात पाणी आणि सर्वांगावर एकदा पाणी, एवढे तीनच फर्ज. प्रेषित (स.) एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, म्हणजे साधारण तीन-चार लिटर. आपली बादली त्याच्या कितीतरी पट! घट्ट वेणी स्त्रीने सोडायची गरज नाही, केसांच्या मुळांशी पाणी पोहोचले की झाले. दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातले खारे पाणी प्यायला नकोसे असते, पण गुस्लला चालते. समुद्राचे पाणीही पाकच आहे.

तेवढेही नसेल, मैलभरात मिळत नसेल किंवा हंड्यात फक्त पिण्यापुरते असेल, तर तयम्मुम करावा. शेजारी देत असेल तर आधी मागावे. पाक मातीवर (आपली कापसाची काळी मातीही आलीच) हात मारून चेहऱ्यावर, पुन्हा मारून कोपरांपर्यंत फिरवावेत. हजरत अम्मार (रजि.) एकदा गुस्लऐवजी जमिनीवर चक्क लोळले होते; त्याची गरज नव्हती, असे प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले. टँकर आला की मात्र गुस्ल करावेच लागते. तयम्मुमने पढलेल्या नमाजा पुन्हा पढाव्या लागत नाहीत.