मनाचें दुखणें आणि हातांतील मोबाईल

अंगांत ताप भरला असतां घरांतील लहानथोर सर्व धांवपळ करितात. परंतु मन खचलें असतां तें जवळच्या माणसांसही बहुधा दिसत नाहीं, आणि दिसलें तरी ‘आळस आहे’, ‘नखरे आहेत’ असें म्हणून बाजूस सारिलें जातें. वस्तुतः मनाचा आजार हा शरीराच्या आजाराइतकाच खरा असून त्यावर उपायही आहेत. ते उपाय मोबाईलच्या द्वारें गरिबांच्या घरापर्यंत कसे पोंचतील, याचा विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

सन २०१५-१६ मध्यें बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेनें बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, प्रौढांपैकीं शेंकडा १०·६ जणांस त्या वेळीं कांहीं ना कांहीं मानसिक विकार होता. आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतींत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोग्यांस उपचार मिळालेलाच नव्हता. याचीं कारणें शोधावयास दूर जावयास नको. मनोविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत राहतात. हातावर पोट असणाऱ्या माणसास त्यांजकडे जावयाचें म्हणजे एस. टी.चें भाडें, तज्ज्ञाची फी आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी भुर्दंड बसतो. शिवाय ‘लोक काय म्हणतील?’ हें भय आहेच.

मोबाईल हा या अडचणींवर उत्तम उतारा आहे, असें कोणासही वाटेल, आणि तें कांहीं अंशीं खरेंही आहे. परंतु मनःस्वास्थ्यासाठीं निघालेलीं पुष्कळशीं अॅप्स इंग्रजींत असतात. त्यांस स्मार्टफोन लागतो, इंटरनेटचें रिचार्ज लागतें आणि वाचनाची संवयही लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) स्वतः वापरावयास मोबाईल असणाऱ्या स्त्रिया देशांत शेंकडा सुमारें ५४ च आढळल्या. तेव्हां केवळ अॅप काढल्यानें ज्यांस साधनें आहेत त्यांचीच सोय अधिक होते. ज्यांस गरज अधिक आहे ते मागेंच राहतात.

म्हणून ता. १० आक्टोबर २०२२ रोजीं भारत सरकारनें सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही योजना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. पुढें २०२४ सालीं तिचेंही अॅप निघालें. परंतु तिचें मुख्य दार म्हणजे १४४१६ हा साधा क्रमांक होय. तो जुन्या बटणांच्या मोबाईलवरूनही लागतो. त्यास पैसे पडत नाहींत. तो रात्रंदिवस चालू असतो, आणि मराठीसह वीस भाषांत बोलण्याची सोय आहे. प्रथम शिकविलेला समुपदेशक शांतपणें ऐकून घेतो व धीर देतो. दुखणें अधिक असल्यास तो तज्ज्ञाशीं गांठ घालून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवितो.

येथें कोणी विचारील कीं, तज्ज्ञ नव्हे अशा माणसाशीं बोलून काय साधणार? याचें उत्तर आमच्या शेजारच्या गोव्यानें दिलें आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेनें सामान्य सुशिक्षित माणसांस शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्याच्या रोग्यांशीं सहा ते आठ वेळां पद्धतशीर बोलावयास लाविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून असें दिसतें कीं, तीन महिन्यांनीं अशा रोग्यांपैकीं शेंकडा ६४ जण नैराश्यांतून बाहेर आले. केवळ डॉक्टरांचे नेहमींचे उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. यंत्र हें केवळ वाहन आहे. औषध आहे तें आपुलकीनें ऐकणाऱ्या माणसांत.

परंतु एक अडचण सरकारास दूर करितां येण्यासारखी नाहीं. ती घरींच दूर झाली पाहिजे. एका खोलींत पांच माणसें आणि त्यांत मोबाईल एकच. अशा घरांतील मुलानें किंवा मुलीनें मनांतील गोष्ट बोलावी तरी कोठें? क्रमांक फुकट आहे, पण एकांत फुकट मिळत नाहीं. म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मुलानें बोलावयास मोबाईल मागितल्यास तो विश्वासानें द्यावा, अर्धा तास बाहेर ओट्यावर बसावें, आणि नंतर ‘काय बोललास?’ अशी उलटतपासणी करूं नये. त्यानें आपण होऊन सांगितलें तर मात्र न रागावतां ऐकून घ्यावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक गोष्ट सांगावयाची आहे. एखादा सोबती खेळेनासा, जेवीनासा झाला तर त्याची थट्टा करूं नका, त्याच्याजवळ बसा. ‘मला जगणें नको’ असें तो बोलला, तर तें गुपित म्हणून पोटांत ठेवूं नका. ताबडतोब वडील माणसांस किंवा शिक्षकांस सांगा आणि त्यास एकटें सोडूं नका. आणि १४४१६ हे पांच आंकडे पाढ्यांप्रमाणें पाठ करा. तुमच्या घरीं, शेजारीं, ज्यांस वाचतां येत नाहीं अशांसही ते सांगा. ज्ञान एकापासून दुसऱ्यास दिल्यानें वाढतें म्हणतात. हें ज्ञान तर कोणाचा प्राणही वांचवील.