पुसलेल्या तबकडीची पंचवीस वर्षं

'फॉरमॅट मारून दिलाय' एवढं म्हटलं की जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये द्यायला आपण मोकळे, असं आपल्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं मानत आले. गेल्या पंचवीस वर्षांत हार्ड डिस्क पुसायची साधनं सुधारत गेली. ती दुसऱ्याच्या हाती सोपवतानाची बेफिकिरी मात्र तशीच राहिली.

सुरुवात करावी लागते ती एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांपासून. नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात त्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालत होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे ५,०००हून अधिक क्रमांक, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रं असा ऐवज सापडला. एका डिस्कवर तर एटीएमचे व्यवहार खातेक्रमांकांसह होते.

हे झालं कसं? सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही. कुणी नांगर घालेपर्यंत ते उभंच असतं. डिलीट केल्यावर नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. विंडोज एक्सपीपर्यंत तर पूर्ण फॉरमॅटही मजकुरावर काही लिहीत नसे. जागा शून्यांनी भरायची सोय व्हिस्टापासून आली.

दुसरं टोक भीतीचं होतं. पीटर गटमन यांच्या १९९६च्या निबंधातून ३५ वेळा पुनर्लेखनाची पद्धत निघाली. ती तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी होती. नव्या डिस्कला तिची गरज नाही, हे गटमन यांनीच पुढे सांगितलं. तरीही लोक रात्र रात्र डिस्क पुसत बसले. २००६ साली अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने मार्गदर्शिका काढली. २००१नंतरच्या डिस्कवर एकदा नीट पुनर्लेखन केलं की पुरे, हे तिने स्पष्ट केलं.

हा गुंता सुटतोय तोवर तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणारी एसएसडी आली. तिच्यात मजकूर नेमका कुठल्या चिपवर जाईल हे आतला कंट्रोलर ठरवतो, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुनी प्रत मागे राहू शकते. चुंबक फिरवून तर तिला काहीच होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११मध्ये तपासलं, तेव्हा काही एसएसडींची पुसण्याची आज्ञासुद्धा नीट चालत नव्हती. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन ठेवायचं आणि शेवटी किल्ली नष्ट करायची.

बंद पडलेल्या डिस्कचं काय? मध्यंतरी माझी ४० जीबीची जुनी डिस्क मी स्टार स्क्रूड्रायव्हरने उघडली. कित्येक वर्षं ती सुरूच होत नव्हती. झाकण निघालं आणि आत माझा चेहरा दिसला. तबकडी आरशासारखी लखलखत होती, एक ओरखडा नाही. मेलेली होती ती यंत्रणा. नोंदी जिथे असतात तो भाग शाबूत होता. भंगारवाल्याला मी तीच देणार होतो.

मोठ्यांची गत वेगळी नाही. २०१६ साली डेटा सेंटर बंद करताना मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने हे काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. ग्राहकांची माहिती असलेली उपकरणं लिलावात विकली गेली. २०२०मध्ये ६ कोटी डॉलर आणि २०२२मध्ये आणखी साडेतीन कोटी डॉलर दंड बसला. तंत्र हाताशी होतं, पण शेवटपर्यंत लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२पासून लागू झाले, पण त्यांचा रोख शिसं-पाऱ्यासारख्या विषारी घटकांवर होता. काम संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसण्याची जबाबदारी २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने संस्थांवर टाकली. घरातल्या डिस्कची जबाबदारी मात्र आपलीच आहे. डिस्क चालत असेल तर पूर्ण पुसा, बंद असेल तर तबकडी बाहेर काढून मोडा. संस्थेत असाल तर सिरियल नंबर टिपून ठेवा आणि त्याच नंबरचा नष्ट केल्याचा दाखला मागा. माझ्या त्या तबकडीचे तुकडे झाल्यावरच मी ती डिस्क घराबाहेर जाऊ दिली.