रुबीत एक अक्षर चुकलं, तर महिनाभराचे भाव पुसले जातात

उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा भाव पुकारला जातो तेव्हा तो सगळ्यांना ऐकू येतो. पण उद्या हिशेबाला उपयोगी पडते ती वही. प्रोग्रामचंही तसंच आहे: स्क्रीनवर दिसलेलं खिडकी बंद केली की गेलं, फाइलमध्ये लिहिलेलं राहिलं.

समजा, एखाद्या अडत्याच्या मुलानं रोजचे भाव नोंदवायला रुबीत छोटा प्रोग्राम लिहिला. (रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेली प्रोग्रामिंग भाषा.) स्क्रीनवर दाखवायला ‘पुट्स’ आणि ‘प्रिंट’ या आज्ञा आहेत. पुट्स ओळ संपवते, प्रिंट त्याच ओळीत थांबते. तिसरी ‘पी’, आणि नवख्यांनी हिच्याशीच जास्त मैत्री करावी. ती मजकूर अवतरणचिन्हांत दाखवते, आकडा तसाच. १० आणि २० ची बेरीज १०२० आली, तर तुमचे ‘आकडे’ मुळात मजकूर आहेत, हे पी लगेच उघड करते.

खरा धोका फाइलमध्ये आहे. फाइल उघडताना रुबीला एक इंग्रजी अक्षर सांगावं लागतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे नव्यानं लिही, ‘ए’ म्हणजे शेवटी जोड. आपल्या पोरानं डब्ल्यू दिलं असेल, तर रोज सकाळी प्रोग्राम सुरू होताच कालचे भाव साफ. एक ओळही लिहायच्या आधी, फाइल उघडता क्षणीच! आणि रुबी काही विचारत नाही, इशाराही देत नाही. टर्मिनलमध्ये आउटपुट फाइलकडं वळवतानाही हाच घोळ होतो. बाणाचं एक चिन्ह जुनं पुसतं, दोन चिन्हं पुढं जोडतात.

बरं, ‘ए’ दिलं तरी एक गोष्ट उरते. रुबी प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर नेत नाही, आधी मेमरीत साठवते. फाइल बंद झाली की साठा पुढं जातो. म्हणून फाइल ब्लॉकमध्ये उघडावी, म्हणजे मध्येच चूक होऊन प्रोग्राम थांबला तरी रुबी ती स्वतः बंद करते. पण लाइट गेली तर? ऑपरेटिंग सिस्टिमही थोडा वेळ मजकूर स्वतःच्या मेमरीत ठेवते. तेव्हा महत्त्वाच्या नोंदीनंतर ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी. ती मजकूर डिस्कपर्यंत पोचवायला लावते. प्रोग्राम थोडा हळू चालेल, पण दिवसाला पन्नास-शंभर नोंदी असतील तर ते जाणवणारही नाही.