बंद पट्टीखालची कातडी

१९७२ साली फ्रान्समध्ये तान्ही मुलं एकाएकी आजारी पडू लागली. आधी मांड्यांवर आणि ढुंगणावर लाल चट्टे यायचे, मग चिडचिड, उलट्या, झटके. काहींचे हातपाय लुळे पडले. कारण सापडलं ते लंगोट बदलताना लावायच्या पावडरमध्ये. 'मोराँज' नावाच्या टाल्कम पावडरच्या काही डब्यांत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सहा टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं होतं. २०४ मुलांना विषबाधा झाली, त्यातली ३६ दगावली. १९८१ मध्ये व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरात असंच घडलं. तिथल्या बाळांच्या पावडरीत वॉरफरिन निघालं. उंदीर मारायला वापरतात ते, रक्त गोठू न देणारं रसायन. ७४१ बाळांना रक्तस्राव झाला आणि १७७ बाळं वाचली नाहीत.

दोन्ही वेळा विष कुणाला भरवलं गेलं नव्हतं. ते कातडीतून आत शिरलं.

एखादं मलम खोलवर मुरावं म्हणून त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी ते लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळतात. ओल, ऊब आणि कोंडलेली हवा मिळाली की त्वचेचा वरचा थर सैल पडतो आणि औषध कितीतरी जास्त आत जातं. डायपर ही तशीच बंद पट्टी आहे. फरक इतकाच की ती दिवसरात्र बांधलेली असते, आणि तीही अशा त्वचेवर, जिचा सगळ्यात वरचा थर मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. डायपरचं पुरळ का येतं आणि त्यावरचे उपाय कधीकधी पुरळापेक्षा महाग का पडतात, हे दोन्ही त्यातच आलं.

ओला लंगोट उघडला की पहिल्यांदा नाकात जातो अमोनियाचा दर्प. त्यामुळे लघवीतला अमोनियाच कातडी भाजतो, असा समज घराघरांत होता आणि दवाखान्यांतही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या जे. व्ही. कुक या डॉक्टरांनी लघवीतल्या युरियाचा अमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवर बोट ठेवलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या जिवाणूवरच खापर फुटत राहिलं. १९७७ मध्ये लेडन, क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधीच गोष्ट केली. पुरळ असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची बाळं तपासली. अमोनिया दोन्हीकडे सारखाच निघाला, आणि तो तयार करणारे जिवाणूही.

म्हणजे अमोनिया निर्दोष सुटला का? तसंही नाही. १९८६ मध्ये बर्ग आणि सहकाऱ्यांनी केस नसलेल्या जातीच्या उंदरांवर प्रयोग करून उरलेला दुवा जोडला. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. शीमध्ये प्रथिनं आणि चरबी तोडणारी पाचक विकरं थोडीफार उरलेली असतात, पण आम्लात ती सुस्त असतात. शी आणि शू एकत्र आली की अमोनिया तयार होतो, आम्लता घटते आणि ही विकरं कामाला लागतात. त्यांच्यासमोर असते ती प्रथिनं आणि चरबी यांचीच बनलेली, ओलीने फुगलेली, डायपरच्या कडांनी घासली गेलेली कातडी. अन्न पचवायला निघालेलं रसायन बाळाचीच त्वचा पचवू लागतं.

ही साखळी कळली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी जास्त आम्लधर्मी असते आणि तिच्यातली विकरं कमी सक्रिय असतात, म्हणून त्याला पुरळ कमी येतं. सगळ्यात जास्त त्रास साधारण ९ ते १२ महिन्यांत होतो, कारण तोवर वरणभात, खिमट, फळं सुरू होऊन शी बदललेली असते. (घरात तेव्हा नाव दातांचं घेतलं जातं. दात बिचारे त्याच सुमारास येत असतात एवढंच.) जुलाबात तर विकरं न मोडता भराभर खाली येतात, म्हणून एका रात्रीत कातडी सोलवटते.

आजीमंडळी म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ते मला फारसं पटत नाही. त्या वेळी लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी आणि खाली मेणकापड असायचं, आणि त्यात मूल तासन्‌तास ओलं राहायचं. आजच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पूड असते. १९८० च्या दशकात ती डायपरमध्ये आली आणि कातडी कोरडी राहण्याचं प्रमाण खरोखर सुधारलं. सब्जाचं बी पाण्यात फुगतं तशी ही पूड फुगते आणि दाबलं तरी पाणी सोडत नाही. शुद्ध पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवीतल्या क्षारांमुळे ती क्षमता बरीच खाली येते, तरी डायपरला तेवढी पुरते.

पण ती पूड पाणी पिते, शी पीत नाही. पाकिटावरचं 'बारा तास कोरडं' हे वचन फक्त शूसाठी खरं आहे. शी झाल्यावर डायपर तत्काळ बदलायचा, त्यात 'अजून जड झाला नाही' हा हिशेब चालत नाही. लंगोटाचा एक गुण इथे मानावा लागतो. तो ओला झाला की दिसतो, बाळ कुरकुरतं आणि कुणीतरी उठतं. डायपर सगळं पोटात घालतो. अनेक घरांनी आपापल्या अकलेने काढलेला रात्री डायपर, दिवसा लंगोट हा तोडगा त्यामुळे चांगलाच म्हणायचा. मात्र धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. लंगोट नीट खळबळून काढला नाही, तर तिचा अंश कापडात राहतो आणि त्वचेची आम्लता पुन्हा बिघडते. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतायची पद्धतही सोडावी. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत दमट राहिलेल्या लंगोटावर कडक इस्त्री फिरवणं केव्हाही बरं.

पुरळ आलंच तर उपचार फार साधे आहेत, इतके की लोकांना ते उपचार वाटतच नाहीत. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. टिपायचं, घासायचं नाही. जमेल तेवढा वेळ बाळाला दुपट्यावर उघडं लोळू द्यायचं. मग झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली, आणि तीही हात आखडता न घेता, खालची कातडी दिसणार नाही इतकी जाड. मलमाचं काम कातडी आणि शी यांच्यामध्ये उभं राहण्याचं आहे. पुढच्या वेळी बदलताना वरचा मळलेला थर तेवढा काढावा. पांढरं मलम खरवडून साफ करायच्या नादात खाली नुकतीच धरू लागलेली कातडीही निघते. खोबरेल तेल हलक्या लालीला चालतं, पण शीसमोर त्याचा थर तग धरत नाही. डाळीचं पीठ त्या जागी अजिबात नको, कण घासतात. पावडरही नको. घडीत तिचे गोळे होतात आणि उडालेली पूड बाळाच्या श्वासात जाते. ओले वाइप्स प्रवासात ठीक, पण सुगंधी नकोत.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर दिवा लावून जांघेतल्या घड्या बघाव्यात. साध्या पुरळात डायपर टेकतो तो फुगीर भाग लाल होतो आणि घड्या बहुधा वाचतात. घड्याच लालभडक असतील आणि कडेला लाल ठिपके विखुरले असतील, तर कँडिडा या बुरशीने तिथे मुक्काम ठोकला आहे. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर हे अनेकदा दिसतं. तिला क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी मलम लागतं, डॉक्टरांनी सांगितलेलं.

ही मलमाची नळी हाच आपल्याकडचा सगळ्यात नाजूक मामला आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये 'बाळाला पुरळ आलंय' म्हटलं की अनेकदा हातात पडते ती तीन औषधं एकत्र केलेली नळी. त्यात बुरशीविरोधी औषध असतं, प्रतिजैविक असतं, आणि बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत मावळते, म्हणून नळीवर घराचा विश्वास बसतो. थांबवलं की पुरळ परततं, म्हणून ती पुन्हा येते. बंद पट्टीखाली, पातळ त्वचेतून, महिनोन्‌महिने. स्टेरॉइड रक्तात उतरतं आणि बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं संप्रेरक करायचं थांबवतात. चेहरा गोल होतो, गाल वर येतात, वजन वाढतं. घरचे म्हणतात, कसं छान बाळसं धरलंय! उंची मात्र अडलेली असते, आणि अशा बाळाला साधा ताप किंवा जुलाबही जिवावर बेतू शकतो. हा कुशिंग सिंड्रोम केवळ डायपरखाली लावलेल्या मलमाने झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून आली आहेत. अशी नळी बरेच दिवस वापरली गेली असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीच्या नियमातून असलेली सवलत काढून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं. काउंटरवर किती फरक पडला, ते कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

ताप, पू, पाण्याने भरलेले फोड किंवा रक्त दिसलं तर वाट बघू नये. आणि एक पुरळ असं आहे, ज्यात डायपरचा दोषच नसतो. ढुंगणाभोवती तसंच तोंडाभोवती सोलवटलेले चट्टे, न थांबणारे जुलाब, विरळ होत जाणारे केस. हे शरीरात जस्त कमी पडल्याचं चिन्ह असू शकतं. काही बाळांत जन्मतःच एका जनुकातल्या दोषामुळे आतड्यातून जस्त शोषलं जात नाही. आईच्या दुधातलं जस्त सहज शोषलं जातं, म्हणून अंगावरचं दूध तुटल्यावर आजार डोकं वर काढतो. १९७३ मध्ये लंडनमधले डॉक्टर मॉयनाहान यांनी त्याचं मूळ जस्तात असल्याचं दाखवलं. तोवर अनेक मुलं त्यात दगावत. त्वचेवर झिंकच्या मलमाचे कितीही थर दिले तरी हे चट्टे हटत नाहीत. तेच जस्त तोंडावाटे दिलं की काही दिवसांत कातडी सुधारू लागते, आणि जन्मजात दोष असेल तर ते आयुष्यभर घ्यावं लागतं.