७८६च्या नोटेला लाख रुपये कोण देतो?

‘नंबरात ७८६ आहे का? घरबसल्या तीन लाख मिळवा.’ हा निरोप दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर उगवतो आणि घरोघरी पाकिटं, पर्सेस, देवघरातले डबे उपसले जातात. गंमत अशी की नोट बहुतेक वेळा सापडते. एवढ्यावरूनच शंका यायला हवी.

आपल्या नोटेवरच्या नंबराचे दोन भाग असतात. आधी अंक-अक्षरांचा तीन चिन्हांचा प्रिफिक्स, मग नंबर. प्रत्येक प्रिफिक्सची मोजणी ०००००१ पासून नव्यानं सुरू होते आणि दहा लाखांपर्यंत जाते. त्यामुळे ०००००१ ही काही देशात छापलेली पहिली नोट नव्हे. जितके प्रिफिक्स, तितक्या तशा नोटा. आता एका प्रिफिक्सच्या दहा लाख नोटांपैकी कितींत ७८६ सलग येईल? सहा आकड्यांत त्याला बसायला चार जागा आहेत आणि प्रत्येक जागेच्या हजार नोटा. ७८६७८६ ही एकच नोट दोनदा मोजली जाते, ती वजा केली की उरतात ३,९९९. म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक. मार्च २०२३ अखेरीस नुसत्या पाचशेच्या पाच हजार कोटींहून अधिक नोटा चलनात होत्या. त्या हिशेबानं ७८६ असलेल्या पाचशेच्या नोटा वीस कोटींच्या घरात जातात. वीस कोटी माणसांना तीन-तीन लाख द्यायला निघालेला तो दानशूर कोण, हे मात्र निरोपात लिहिलेलं नसतं.

७८६ला मागणीच नाही, असं मात्र नाही. ‘बिस्मिल्लाह’च्या अक्षरमूल्यांची बेरीज म्हणून अनेक मुस्लीम कुटुंबांत या आकड्याला मान आहे आणि शुभ आकडा म्हणून इतर लोकही तो जपतात. संग्राहकाला हवी असते ती ७८६७८६ किंवा ०००७८६, आणि तीही कोरी करकरीत. वापरून मऊ पडलेल्या दहाच्या नोटेच्या शेवटी ७८६ असेल, तर दहाचे पंधरा-वीस देणारा भेटला तरी नशीब समजावं.

इथे या छंदातली खरी गोम आहे. ७७७७७७ ही नोट प्रिफिक्समध्ये एकच असते आणि ४८२९१७ हीसुद्धा एकच. दुर्मिळपणात दोघी सारख्या, पण दुसरीला कोणी विचारत नाही. किंमत येते ती डोळ्यांत भरणाऱ्या आकड्याच्या हौसेमुळे. सगळे आकडे सारखे असलेल्या ‘सॉलिड’ नोटा प्रिफिक्समागे नऊच. १२३४५६ सारख्या चढत्या किंवा ६५४३२१ सारख्या उतरत्या ‘लॅडर’ नोटा मोजक्या. उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या, म्हणजे २७४४७२ सारख्या, तब्बल ९९९. म्हणून त्यांचा भाव बेताचा. सगळ्यांत शेवटची नोट दहा लाखाव्या क्रमांकाची, सात आकड्यांची. तिच्यासाठी लिलावात खरोखर चढाओढ लागते.

लाखांच्या निरोपाचा धंदा चालतो तो वेगळ्याच वाटेनं. तुम्ही फोटो पाठवता, पलीकडून ‘नोट पास झाली’ असा फोन येतो. मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा’ खर्च. तुमची नोट कुणालाच नको असते. हवी असते ती फी. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कमिशन किंवा शुल्क मागत नाही आणि आपल्या वतीनं ते घेण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. खरा व्यापारी नोट बघून पैसे देतो. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा व्यापारी असूच शकत नाही.

उलट्या टोकाच्या अफवाही आहेत. नंबरात चांदणी दिसली की नोट खोटी, ही त्यातली सगळ्यांत चिवट. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी जी बदली नोट घालतात, तिच्या प्रिफिक्स आणि नंबराच्या मधे ही चांदणी असते. २००६ पासून ही पद्धत आहे, आणि अफवा फारच पसरल्यावर जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला पुन्हा खुलासा करावा लागला. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत गेलेले पाहूनही काही जण ‘मिसप्रिंट’ म्हणून नोट जपून ठेवतात. २०१५ पासून तो मुद्दाम केलेला सुरक्षेचा बदल आहे. खरी चूक वेगळी असते: एकाच नोटेवरचे दोन नंबर एकमेकांशी न जुळणं. अशी नोट खरंच मोलाची, आणि म्हणूनच आकडे खोडून तशा नोटा बनवणारेही आहेत. भिंगाशिवाय घेऊ नये.

नोट जितकी जुनी तितकी महाग, हाही भाबडेपणा. आजोबांच्या ट्रंकेतली एक रुपयाची नोट भरपूर छापली गेली होती आणि घडीवर फाटायला आली असेल, तर तिचं मोल आठवणीपुरतंच. नोट धुऊन, इस्त्री करून चकचकीत केली की उरलीसुरली किंमतही जाते. कागदाचा मूळ कडकपणा गेलेला जाणकाराला बोटांनीच कळतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. पूर्वी बँकेत पुडक्यांना पिना टोचत, त्यामुळे जुन्या कोऱ्या नोटांना भोकं असतात. ती मात्र फारशी कुणी मनावर घेत नाही.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्यानुसार सामान्य माणसाला त्या दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीसची. जास्त सापडल्या तर दहा हजारांपर्यंत किंवा त्या नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपटीपर्यंत, यांतलं जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. फॅन्सी नंबर असला म्हणून सूट नाही.

ज्यांना हा छंद खरोखर करायचा आहे, त्यांना खर्च जवळजवळ नाही. कोऱ्या नोटांचं शंभरचं पुडकं ०१ ने सुरू होतं आणि ०० ने संपतं, त्यामुळे पहिली नोट पाहूनच आत काय आहे ते कळतं. चौथा आकडा ७ असलेल्या, म्हणजे दर दहातल्या एका पुडक्यात शेवटी ७८६ असलेली नोट असते. अनेक जण तारखा जमवतात: लग्नाची, नातवाच्या जन्माची, १५०८४७ स्वातंत्र्यदिनाची. कॅशियरच्या हातातल्या दहाच्या पुडक्यावर पहिला नंबर ०१०५०१ दिसला आणि पट्टीवर चांदणीची सूचना नसली, तर त्यातली साठावी नोट मागून घ्या: ०१०५६०, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची तारीख. किंमत दहा रुपये.