गोवा आणि दादरा-नगर हवेली : भूमीचा वाद आणि जनतेचा कौल

पारोळ्याचा भुईकोट किल्ला आपल्या परिचयाचा आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ मध्ये बांधला, असे सांगितले जाते. जहागीर म्हणजे काय, हे खानदेशातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गावांचा महसूल जहागीरदाराने घ्यावा, परंतु त्या भूमीवरील अंतिम सत्ता सनद देणाऱ्या राज्यकर्त्याची, असा तो व्यवहार होता. याच शब्दाच्या अर्थावरून भारत आणि पोर्तुगाल हे दोन देश हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात समोरासमोर उभे राहिले होते. मराठी भाषक आणि कॅथलिक अशा दोन्ही नात्यांनी हा इतिहास आपल्याशी निगडित आहे. म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

वादाचे मूळ

१७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मैत्रीच्या मोबदल्यात दमणजवळील गावांतून वार्षिक बारा हजार रुपयांचे उत्पन्न पोर्तुगिजांना देण्याचे पेशव्यांनी मान्य केले. १७८३ व १७८५ मध्ये त्याप्रमाणे गावे लावून देण्यात आली. हीच ती दादरा आणि नगर हवेली. मराठेशाहीचा अस्त झाल्यानंतर इंग्रजांनी पोर्तुगिजांच्या तेथील ताब्याला हरकत घेतली नाही, आणि महसुलाच्या हक्काचे रूपांतर हळूहळू राज्यसत्तेत झाले.

भारत स्वतंत्र झाल्यावर, १९५० मध्ये, भारत सरकारने पोर्तुगीज वसाहतींच्या हस्तांतरणाविषयी वाटाघाटींची मागणी केली. पोर्तुगालने ती नाकारली. १९५१ मध्ये सालाझार यांच्या सरकारने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, तेव्हा तो सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी ही भूमिका होती. १९५३ मध्ये भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली.

हेगचा निवाडा

जुलै १९५४ मध्ये फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालील ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स’च्या स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले. २ ऑगस्ट रोजी सिल्वासाही मुक्त झाले. त्या लढ्यात आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांचे कार्यकर्ते सहभागी होते. संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी एक. दमणहून फौज पाठवावयाची तर भारताच्या भूमीतून जाणे पोर्तुगालला भाग होते, आणि भारताने ती वाट दिली नाही. पोर्तुगालने १९५५ मध्ये न्यायालयाकडे धाव घेतली.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पेशव्यांनी दिला होता तो केवळ महसुलाचा, म्हणजे जहागीर वा सरंजामाच्या स्वरूपाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगालचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले होते, असाही निष्कर्ष नोंदविला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे नेण्याचा हक्क नव्हता. शस्त्रास्त्रांविषयीचा निर्णय आठ विरुद्ध सात अशा मतांनी झाला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

भूमीचा हक्क की माणसांचा?

सनदा आणि तह यांवरून भूमी कोणाची हे कदाचित ठरेल. परंतु त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांना काय हवे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींतील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क जाहीर केला आणि गोव्यासह पोर्तुगालचे ‘प्रांत’ या वसाहतीच आहेत, असे ठरविले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. आदल्या दिवशी सुरक्षा समितीत युद्धबंदीच्या ठरावाला सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो ठराव नामंजूर झाला. ज्या राजवटीने गोमंतकीयांना कधीच मुक्तपणे कौल देऊ दिला नाही, तिने स्वयंनिर्णयाची भाषा बोलणे विसंगत होते, हे खरे. त्याचबरोबर, १९६१ मध्येही जनमत आजमावले गेले नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

ती वेळ आली १६ जानेवारी १९६७ रोजी. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, तर केंद्रशासित प्रदेशाचे दोन पाने. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. स्वतंत्र राष्ट्र हा पर्याय या मतदानात नव्हता; भारतातील आपले स्थान कोणते, एवढेच गोमंतकीयांनी ठरविले.

या निकालाकडे आजही कॅथलिक विरुद्ध हिंदू अशा दृष्टीने पाहिले जाते. आकडे तसे सांगत नाहीत. गोव्यात कॅथलिकांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून कमी होते. अनेक हिंदू मतदारांनी साथ दिल्यावाचून हा कौल शक्यच नव्हता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्याइतकेच ‘राष्ट्रमत’मधून लिहिणारे उदय भेंब्रे यांचेही नाव त्या चळवळीशी जोडलेले आहे. तसेच ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणासाठी गोवा आपल्याकडे हवा, हा सालाझार सरकारचा दावा त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, तेलो मस्करेन्हस यांच्यासारख्या देशभक्तांच्या तुरुंगवासाने केव्हाच खोटा ठरविला होता.

आपल्यासाठी बोध

पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. पोर्तुगालचीच दुसरी वसाहत असलेल्या पूर्व तिमोरला मात्र १९७५ मध्ये इंडोनेशियाने व्यापले. तेथील जनतेला मतपेटीपर्यंत पोहोचण्यास १९९९ साल उजाडावे लागले, आणि तोवर असंख्य माणसे प्राणास मुकली. बिशप बेलो यांना १९९६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो याच लढ्यासाठी.

१९६७ मध्ये अनेक मराठी माणसांना गोव्याचा निर्णय रुचला नाही. तरीही महाराष्ट्राने तो स्वीकारला, आणि गोवा व महाराष्ट्र यांचे शेजारधर्माचे नाते टिकले. आपल्याला हवा तो कौल मिळाला नाही तरी शेजाऱ्याचा निर्णय मान्य करणे, हीच स्वयंनिर्णयाच्या तत्त्वावरील निष्ठेची खरी कसोटी होय.