तपकिरी म्हणजे पिल्लूच का?

मंडळी, न्यायशास्त्रातलं संशयाचं जुनं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिन्हीसांजेला लांब काहीतरी उभं दिसतं. खोड की माणूस? उंची दोघांत सारखी, ती दिसते. हातपाय आहेत की ढोली, हा फरक करणारा विशेष दिसत नाही. म्हणून संशय.

आज हेच उदाहरण घेऊन समुद्रावर जाऊ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पूर्व किनाऱ्याला कैकोरा नावाचं गाव आहे. तिथे किनाऱ्याजवळच समुद्राचा तळ एकदम हजार मीटरांहून खोल जातो. त्यामुळे एरवी भर समुद्रात भेटणारे मोठे अल्बाट्रॉस होडीतून थोडं आत गेलं तरी दिसतात. पंख पसरले की सुमारे ३ मीटर! जायचं ते वाऱ्याच्या दिवशी. वारा पडला की ही मंडळी पाण्यावर बसून राहतात.

पाठ आणि पंख सगळंच काळपट आणि पोट पांढरं असेल, तर तो बहुधा लहान अल्बाट्रॉस. आज तो बाजूला ठेवू. मोठ्यांत दोन घराणी, रॉयल आणि वॉन्डरिंग. आधी चोच बघा. रॉयलच्या वरच्या चोचीच्या कडेला काजळ ओढल्यासारखी काळी रेघ असते. वॉन्डरिंगला ती नसते. रॉयलचं पिल्लू घरटं सोडतं तेव्हाच अंगाने पांढरं असतं. वॉन्डरिंगचं पिल्लू मात्र चॉकलेटी, चेहरा तेवढा पांढरा, आणि मग ते वर्षानुवर्षं उजळत जातं.

इथे आपण घाईने अनुमान काढतो, की तपकिरी आहे म्हणजे पोरच! पण वॉन्डरिंग घराण्यातला अँटिपोडियन अल्बाट्रॉस घ्या. (ती स्वतंत्र जात की उपजात, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तेवढंच बरं वाटतं.) त्याची मादी अंडी घालायच्या वयातही बरीच तपकिरी राहते. डोक्यावर गडद टोपी, छातीवर तपकिरी पट्टा, पोट मात्र पांढरं. म्हणजे रंग हा समान धर्म झाला. विशेष शोधायचा तो पोटावर.

आणि हा शब्दच्छल नव्हे. गेल्या वीसेक वर्षांत या माद्या नरांपेक्षा वेगाने घटल्या आहेत. त्या दूरवरच्या समुद्रात चरायला जातात, तिथे मासेमारीच्या लांब दोरांना आमिष लावलेले गळ असतात. पक्षी आमिष गिळतो आणि दोराबरोबर खाली जाऊन बुडतो. रात्री दोर सोडणं, दोराला वजन लावणं, वर फडफडत्या पट्ट्या बांधणं, हे उपाय माहीत आहेत; सगळ्या बोटी ते करत नाहीत. जोडी दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं घालते. अशी एक मादी गेली आणि आपण वहीत ‘पिल्लू’ लिहिलं, तर तिची उणीव कुठल्याच हिशेबात दिसणार नाही.

तेव्हा पोट दिसलं नसेल तर वहीत ‘तपकिरी, वय अनिश्चित’ एवढंच लिहा. फोटो काढलात तर बाजूने काढा, म्हणजे चोच आणि पोट दोन्ही येतील.